दुधाची तहान पाण्यावर

“दूध नको ना? मग त्यात काय एवढं!” असं प्रस्तुत लेखक भाचीला फोनवर म्हणाला, तेव्हा आवाजात पाच वर्षांची तपश्चर्या होती. २०२०च्या टाळेबंदीत ज्या मध्यमवयीन पुरुषांना आपल्यात एक बेकर दडल्याचा साक्षात्कार झाला, त्यांतल्या बहुतेकांचा बेकर टाळेबंदीबरोबरच ओसरला. लेखकाचा मुक्कामाला राहिला. त्याच्याकडे ग्रॅम मोजणारा काटा आहे, ओव्हन खरं बोलतो की खोटं हे सांगणारा थर्मामीटर आहे, आणि केकला ‘स्पंज’ म्हणण्याची खोड आहे. पत्नीची तक्रार फक्त तिसऱ्याबद्दल आहे.

वाढदिवस भाचीच्या मुलाचा, सहावा. त्याला दूध चालत नाही. लेखकाने त्याच संध्याकाळी ‘लॅक्टोज-फ्री’ दुधाचा खोका आणला, त्याचा फोटो भाचीला पाठवला आणि शाबासकीची वाट पाहत बसला. उत्तर आलं, “मामा, त्याला लॅक्टोजचा त्रास नाहीये. दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे. हे नको.”

दोन्हींत फरक आहे आणि तो मोठा आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज आतड्यात कमी पडलं की पोट फुगतं, धावपळ होते, पण माणूस निभावून नेतो. अ‍ॅलर्जीत मात्र शरीर केसीन किंवा व्हे या प्रथिनांनाच शत्रू समजून तुटून पडतं. त्याला थेंबभर दूधही पुरतं. अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, कधी श्वासच अडतो. म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊनही सुटका नाही, कारण त्यांची प्रथिनं गाईच्या दुधाशी भाऊबंदकी राखून असतात. हे सगळं लेखकाला त्या रात्री कळलं. तोवर दिलेला सल्ला त्याच्या नावावर जमा होताच.

मग प्रयोग सुरू झाले. बदाम रात्रभर भिजवून, सोलून, वाटून, गाळून जे पांढरं पाणी निघालं, त्याच्या हिशेबात कित्येक दिवसांचं गाईचं दूध आलं असतं. सोयाबीनच्या दुधात प्रथिनं भरपूर, त्यामुळे केकला रंग चांगला येतो आणि व्हिनेगर घातल्यावर ते खऱ्या दुधासारखं फुटतंही, पण घरी काढलेल्याला कच्च्या कडधान्याचा असा उग्र दर्प होता की शेजारणीने “आज उसळ का?” असं विचारलं. ओट्सचं दूध स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्टे यांनी १९९०च्या दशकात विकरांच्या मदतीने साधलं. लेखकाने ते मिक्सरच्या मदतीने साधायचं ठरवलं. मिक्सर जरा जास्त फिरला आणि भांड्यात पतंग चिकटवायची खळ तयार झाली.

नारळाच्या दुधावर त्याची सगळी भिस्त होती. २०१७ साली युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की सोया वगैरे वनस्पतींपासून काढलेल्या पेयाला ‘दूध’ म्हणून विकता येणार नाही. अपवादांच्या यादीत नारळाचं दूध मात्र आहे. कोकणातल्या बायका त्याला मुळात ‘रस’च म्हणतात आणि कोर्टाची पायरी चढत नाहीत, ही गोष्ट वेगळी. (दुधी भोपळ्याचं त्या कोर्टात काय झालं असतं, या विचाराने लेखकाचा एक तास गेला.) गोव्याची बेबिंका याच दुधात होते, म्हणून त्याने उत्साहाने कृती उघडली. पीठ, साखर, अंड्यांचे बलक, नारळाचं दूध, आणि प्रत्येक थरावर तूप.

तूप!

इथे लेखकाला साईबद्दल बोलावंच लागेल. त्याच्या घरी दूध येतं ते पिण्यासाठी नव्हे, साईसाठी. दूध तापतं, निवतं, फ्रिजमध्ये जातं आणि सकाळी त्यावर जो जाड पदर धरतो, तो दोन बोटांनी अलगद उचलून एका स्टीलच्या डब्यात जमा होतो. त्या डब्याला घरात कुणी हात लावत नाही. २०२१ साली एका ‘स्पंज’साठी लेखकाने त्यातली वाटीभर साय परस्पर काढली होती, त्या विषयाला घरात अजूनही ‘ते प्रकरण’ म्हणतात. डबा भरला की विरजण, मग घुसळण, मग लोणी, खाली उरलेलं ताक. परदेशी कृतींत ‘बटरमिल्क’ लिहिलेलं असतं म्हणून लेखक कपभर दुधात चमचाभर लिंबू पिळून ते फाटायची वाट पाहत उभा होता, तेव्हा पत्नीने फ्रिजचं दार उघडून आतली ताकाची कळशी नुसती दाखवली होती. आपलं ताक त्यांच्यापेक्षा पातळ असतं, असा मुद्दा लेखकाने मांडला. मुद्दा बरोबर होता. केक मात्र ताकाचाच चांगला झाला.

पण खरी गंमत लोणी कढण्यात. घरभर वास सुटतो, फेस खाली बसतो आणि तळाशी तपकिरी बेरी उरते. लहानपणी त्या बेरीवर साखर घालून ती भावंडांत चमच्याने मोजून वाटली जायची. मोजणारा नेहमी लेखक असे, आणि मोजणाऱ्याचा चमचा मोठा असे. ती बेरी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून लोण्यात राहिलेली दुधाची प्रथिनं आणि साखर भाजून झालेला खमंगपणा. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं, तीच ही. दूध घातलेल्या केकचा वरचा पापुद्रा सोनेरी होतो, तोही तिच्याच कृपेने. प्रथिनं बेरीत गेली, वर राहिलं ते शुद्ध तूप, असं आपण धरून चालतो. सगळी जात नाहीत. अंशभर तुपात उरतातच.

गेल्या दिवाळीत लेखकाने हे धरूनच ठेवलं होतं. नातू बेसनाच्या लाडवाकडे पाहत होता आणि भाची “नको रे राजा” म्हणत होती. त्यावर लेखक म्हणाला, “एवढ्याशा तुपाने काय होतंय? आमच्या वेळी असली थेरं नव्हती.” भाची काही बोलली नाही. तिने नुसतं मुलाला जवळ ओढलं. हे वाक्य तिने किती जणांकडून ऐकलं असेल, याचा हिशेब लेखकाने तेव्हा केला नाही. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला हा मुलगा आपला डबा घेऊन जातो, मेणबत्त्या विझल्या की टाळ्या वाजवतो, आणि बाकीची पोरं प्लेटा घ्यायला धावली की फुगा धरून कडेला उभा राहतो. त्याला वाचता यायला लागल्यापासून तो पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचतो. क्रीमच्या गुलाबांकडे पाहून प्रत्येक मोठ्या माणसाला एकच विचारतो, “यात दूध आहे का?” आणि मोठी माणसं बिनदिक्कत अंदाजपंचे सांगतात, “नसेल बहुतेक.”

असो. केक.

केरळात थलश्शेरीच्या मंबळ्ळी बापूंनी १८८३ साली मर्डॉक ब्राउन या इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला, तेव्हा फ्रेंच ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांची गावठी दारू घातली, असं सांगतात. म्हणजे अदलाबदलीची परंपरा या देशात केकइतकीच जुनी. लेखकाने धीर धरला आणि दूध म्हणजे नेमकं काय, ते नव्याने पाहिलं. १०० ग्रॅम गाईच्या दुधात साधारण ८७ ग्रॅम पाणी असतं. आठवडाभर तो ज्याला पर्याय शोधत होता, ते बव्हंशी नळाला येत होतं.

अमेरिकेत टंचाईच्या दिवसांशी जोडला जाणारा एक केक आहे, त्यात दूध, अंडं, लोणी काहीच नाही. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, चहाचा चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ. त्यात तीन खळगे करायचे; एकात मोठा चमचाभर व्हिनेगर, दुसऱ्यात व्हॅनिला, तिसऱ्यात पाच-सहा मोठे चमचे तेल. वरून कपभर पाणी. सोड्याला आंबटाची गरज असते, ती व्हिनेगर भागवतं. बुडबुडे धरले की वेळ न दवडता १८० अंशांवर अर्धा तास. कोको मुळात काळा, त्यामुळे रंगासाठी मायारसाहेबांची मनधरणी नको.

केक देखणा फुगला. लेखकाने पत्नीला बोलावून पाण्याचं, सोड्याचं आणि स्वतःचं कौतुक केलं. तिने केककडे पाहिलं, मग भांड्याकडे.

“भांड्याला काय लावलंत?”

लेखक गप्प राहिला. पाच वर्षांच्या सवयीने हात गेला होता तो साजूक तुपाच्या बरणीकडे.

रात्री साडेअकराला भांडी, चमचे, फेटणी, चाळणी सगळं साबणाने दोनदा घासलं गेलं. घासणारा लेखक होता, हे इथे नोंदवणं तो आवश्यक समजतो. दुसऱ्या केकच्या भांड्याला तेल लावलं. पहिला केक नवराबायकोने पुढचे चार दिवस चहाबरोबर संपवला.

वाढदिवसाला लेखक डबा छातीशी धरून गेला. ८७ टक्क्यांपासून मायारपर्यंत सगळं सांगायची तयारी होती. नातवाने झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, “मामाआजोबा, यात दूध आहे का?”

“नाही.”

“तूप?”

“नाही,” लेखक म्हणाला, आणि पुढचं भाषण का कोण जाणे आठवलं नाही.

मुलाने आईकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्याने आधी मोठा तुकडा घेतला, नंतर आणखी एक, आणि तोंड भरलेलं असतानाच सवयीने आणलेला आपला डबा उघडून दाण्याचा लाडू लेखकाच्या हातावर ठेवला. “घ्या,” तो म्हणाला. “यात पण नाहीये.”