मिलीअँपराव

अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक नाटकवाला असतो. एक ‘पुढच्या वर्षी कायमचे परत चाललो’ असं वीस वर्षं सांगणारा असतो. २०१०-११ च्या सुमारास त्यांच्या पंक्तीला आणखी एक जण येऊन बसला. त्याचं पाळण्यातलं नाव काहीही असो, मंडळात त्याला मिलीअँपराव म्हणतात. आमचे मिलीअँपराव न्यू जर्सीत, एडिसनला राहतात. गावाचं नाव थेट दिवेवाल्या एडिसनवरूनच पडलेलं असल्यामुळे आपण तिथे योगायोगाने राहत नाही, असं त्यांना मनापासून वाटतं.

मूळ दुखणं सिगारेटचं. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास काढलेली इलेक्ट्रॉनिक सिगारेट तोवर अमेरिकेतल्या मॉलपर्यंत पोचली होती. वहिनींनी फर्मान काढलं, रावांनी ती नळी आणली. तिची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची आणि त्याआधी तासभर वाफ नुसती नावाला यायची. माणूस इंजिनिअर, त्यातून मराठी. पैसे मोजून आणलेली वस्तू नीट चालत नाही हे त्यांना बघवेना. त्यांनी ती उघडली. त्या दिवसापासून घरात एकही वस्तू पूर्ण बंद अशी राहिलेली नाही.

मग स्वतःचं यंत्र आलं. अ‍ॅल्युमिनियमची डबी, वर एक बटण आणि व्होल्टेजचा कान पिळायला रेडिओसारखी एक खुंटी. द्रव तापवणारी कॉइल जास्त ओहमची असेल तर व्होल्टेज चढवायचं, कमी ओहमची असेल तर उतरवायचं. नाहीतर वाफेऐवजी करपलेला कापूस तोंडात. हे काम करायला आत मुराटा कंपनीचं ‘ओकेआर’ मॉड्यूल, अंगठ्याच्या नखाएवढं. ते बिचारं खरं तर सर्किट बोर्डांसाठी बनवलेलं. त्याला चालायला किमान साडेचार व्होल्ट लागतात, आणि लिथियमचा एक सेल काठोकाठ भरला तरी ४.२ च्या वर जात नाही. म्हणजे सेल दोन हवेत, एकामागे एक. आणि दोन आले की लग्न आलं.

हा विनोद माझा नाही. असली यंत्रं करणारे अमेरिकन लोकही अशा जोडीला ‘मॅरिड पेअर’च म्हणतात. फक्त त्यांना पत्रिका बघायची सवय नाही, रावांना आहे. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, शक्यतो एकाच दिवशी घेतलेले. मग मीटर लावून दोघांचा अंतर्गत रोध बघायचा. मग दोघांना पूर्ण भरून, पूर्ण रिकामं करून, कोणात किती साठतं ते वहीत लिहायचं. फरक फार निघाला तर स्थळ नाकारायचं. जुळलं तर अंगावर बारीक पेनने ‘१ अ’ आणि ‘१ ब’ लिहायचं आणि तिथून पुढे भरायचं बरोबर, वापरायचं बरोबर, टाकायचंही बरोबर. ‘१ अ’ला ‘२ ब’च्या शेजारी एकदा भाच्याने बसवलं होतं. राव त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

“मुलीच्या वेळी याच्या निम्मी चौकशी केली असतीत तर!” वहिनी म्हणाल्या.

“तिथे शॉर्ट सर्किट होत नाही,” राव म्हणाले. वहिनींनी नुसतं बघितलं.

त्यांच्या हट्टाला कारण मात्र पक्कं आहे. एकामागे एक जोडलेल्या दोन सेलांतला अशक्त आधी रिकामा होतो. सशक्त थांबत नाही, तो त्याच्यातून करंट ढकलतच राहतो. अशक्ताचं व्होल्टेज शून्याखाली जातं, आत वायू धरतो, आणि डबीला वाट ठेवलेली नसेल तर तो स्वतः वाट काढतो. म्हणून रावांच्या प्रत्येक डबीला तळाशी भोकं असतात.

सेल कोणता घ्यावा, हा प्रश्न रावांना कोणी मुद्दाम विचारत नाही. ते उत्तरापासूनच सुरुवात करतात. गेल्या गणपतीत एकाने शेजारच्याला सहज सांगितलं, “मी टॉर्चला चौतीसशेवाला सेल टाकला, दणकट आहे.” झालं. मोदक हातातच ठेवून राव वळले. “चौतीसशे मिलीअँप-अवर हे पोट झालं. हात किती अँपिअरचा आहे?” मग पुढची आरती होईपर्यंत त्या गृहस्थांना कळलं की सेलावरचं १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल नळीचं. की चौतीसशेवाला सेल पाच-सहा अँपिअरच्या पुढे ओढला की तापतो, आणि पंचवीसशेवाला दुसरा एखादा २० अँपिअर देऊनही शांत असतो. की साठवण आणि जोर दोन्ही एकाच सेलात मागणारा माणूस लोभी असतो. की टेस्लाच्या पहिल्या रोडस्टर गाडीत असे ६,८३१ सेल होते. गृहस्थांची टॉर्च पॉवरकट झाला तर जिना दिसावा एवढ्यापुरतीच होती.

खरी गंमत अशी, की रावांच्या त्या जुन्या डबीलाही दोन-अडीच अँपिअर पुरायचे. पाच व्होल्ट, दोन ओहम, संपला हिशोब. तरी सेल वीस अँपिअरचाच. का, असं विचारलं तर म्हणतात, “पन्नास पानं उठणार म्हणून पन्नासच माणसांचा स्वयंपाक करतात का?”

मध्यंतरी द्रवातलं निकोटिन १८ मिलिग्रॅमवरून सहावर आलं, सहाचं शून्य झालं, आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपण महिनाभर ओढलंच नाही. सिगारेट सुटली, वाफही सुटली. सेल राहिले.

डिसेंबरात राव पुण्याला येतात. डबी एडिसनलाच राहते. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळंच बंद आहे. सेल मात्र टॉर्चच्या नावाने येतात, तेही हातातल्या बॅगेतून, कारण सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत. हा नियम राव विमानात शेजारी बसलेल्यालाही सांगतात.

आणि पुण्यात रविवार म्हणजे जुना बाजार. एका चादरीवर टॉर्च, चार्जर आणि झगझगीत लाल सेलांचा ढीग. प्रत्येकावर ९८०० मिलीअँप-अवर. रावांनी एक उचलला, तळहातावर तोलला, आणि त्यांचा चेहरा पडला.

“वजनकाटा आहे का?”

“काका, सेल नगावर जातात, किलोवर नाही.”

शेजारच्या भंगारवाल्याकडे काटा होता. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. हा तिशीतच थांबला.

“बघ! हलका आहे.”

“मग बरंच की काका, खिशाला ओझं नाही.”

“अरे, चांगल्यातला चांगला सेल याच्या निम्म्यालाही पोचत नाही! लिथियम-आयनसाठी ज्या तिघांना नोबेल मिळालं त्यांना जे जमलं नाही, ते तू ऐंशी रुपयांत विकतोस?”

“तेच म्हणतोय मी. घेऊन टाका.”

रावांनी घेतला. असल्या सेलांच्या पोटात कधी कधी चिमुकला सेल आणि भरीला पांढरी पूड निघते, ती त्यांना बघायची होती. घरी गच्चीवर, वाळूची बादली शेजारी ठेवून, सगळ्या पुतण्यांना दहा फूट मागे उभं करून त्यांनी शस्त्रक्रिया मांडली. तेवढ्यात वहिनी वर आल्या आणि सेल जप्त झाला. आता तो वहिनींच्या सासरच्या कपाटात आहे.

माणूस डोकं खातो, यात वाद नाही. पण सेलाच्या अंगावरचं प्लास्टिक जरा फाटलं तरी तो वापरायचा नाही, हे त्यांच्यामुळे सोसायटीत पोरासोरांनाही माहीत आहे. त्या प्लास्टिकखालचं सगळं पत्र्याचं अंग ऋण असतं आणि वरची टोपी धन. मध्ये कागदाची एवढीशी चकती. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकला की काय होतं, हे सांगताना त्यांचा आवाज प्रथमच खाली येतो. निघताना ते प्रत्येकाच्या हातात सेल ठेवायची एक प्लास्टिकची डबी ठेवतात. ती घ्या आणि वापरा. फक्त त्यांच्याकडे जाणार असाल तर जेवून जा. सेल बघायला बसलात की पानं कधी वाढली जातील ते वहिनींनाही सांगता येत नाही.