छत्तीसचे तीन मालक

आमच्या भंडाऱ्यात ३६ या आकड्याचे तीन मालक आहेत. आरटीओच्या दप्तरात एमएच ३६ म्हणजे भंडारा जिल्हा. पत्रिकेत ३६ म्हणजे पैकीच्या पैकी गुण. आणि धुऱ्यावरून भांडणाऱ्या भावांत छत्तीसचा आकडा म्हणजे तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले. तरी आजवर एकाही वधूपित्याने जावयाच्या मोटारसायकलची नंबरप्लेट पाहून मुहूर्त काढलेला नाही. आकडा कुठल्या कचेरीतून आला, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

ही अक्कल इंग्रजी अक्षरांपुढे मात्र गहाण पडते.

साकोलीचा पोरगा पुण्यात मुलाखतीला जातो आणि छाती फुगवून सांगतो, ‘मी आय टाइप.’ स्वभावाचे प्रकार सांगणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीत आय म्हणजे अंतर्मुख, घुमा. डिस्क या दुसऱ्या स्वभावचाचणीत तोच आय म्हणजे बोलका, समोरच्यावर छाप पाडणारा. हॉलंड या मानसशास्त्रज्ञाच्या कोष्टकात आय म्हणजे खोदून खोदून शोध घेणारा. साहेब डिस्कवाले निघाले, तर घुम्याची नेमणूक थेट विक्री विभागात!

एनची गंमत याहून भारी. मायर्स-ब्रिग्जमध्ये आय आधीच अंतर्मुखांनी अडवला होता, म्हणून अंतःप्रज्ञेला एन मिळाला. ‘बिग फाइव्ह’ या स्वभावाच्या कोष्टकात मात्र एन म्हणजे सतत चिंता, अस्थिर मन. एकीकडे मिरवायचे अक्षर, दुसरीकडे लपवायचे.

ए घ्या. हॉलंडकडे तो कलावंत. फ्रीडमन आणि रोझेनमन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांकडे तो सदा घाईत, सदा चुरशीत असलेला माणूस. जपानात ए रक्तगटाचा म्हणजे शिस्तीचा आणि काळजीखोर, अशी समजूत. आमच्याकडे रक्तगट अजून रक्त चढवण्यापुरताच विचारतात, हे त्यातल्या त्यात बरे.

अक्षरे सारखी आणि मूळ पुस्तकही एकच, तरी घोळ चुकत नाही. मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१च्या ग्रंथावरून मायर्स-ब्रिग्जचे सोळा प्रकार निघाले, आणि त्याच ग्रंथाचा आधार घेऊन लिथुएनियात १९७०च्या दशकात सोशिऑनिक्स या स्वभावपद्धतीचे सोळा. पण शेवटचे अक्षर ‘जे’ की ‘पी’, हे ठरवायची रीत दोघांची निराळी. म्हणून अंतर्मुख माणूस एका कोष्टकातून दुसऱ्यात गेला की त्याचे शेवटचे अक्षर बहुधा उलटते. बहिर्मुखाचे तसेच राहते. म्हणजे जो आधीच कमी बोलतो, त्यालाच खुलासा करत बसावे लागते.

हा घोळ अक्षरांचा नाही. प्रत्येक कोष्टक कोणाच्या तरी गरजेतून जन्मले आणि ती गरज आपण विचारतच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या बायका कारखान्यांत शिरल्या. कोणाला कुठले काम मानवेल, हे ठरवायला इसाबेल मायर्स यांनी आई कॅथरीन ब्रिग्ज यांच्यासोबत प्रश्नावली रचली. फ्रीडमन-रोझेनमन जोडीला हृदयविकाराचे कारण हवे होते. पत्रिकेला सून हवी असते. आपल्या राज्याने २०१६मध्ये दहावीची कल चाचणी सुरू केली, ती पुढची शाखा निवडायला. त्यात लाखांदूरच्या पोराचा कल शेतीकडे निघाला, तर बाप म्हणेल, ‘तो तर मले बांधावरूनच दिसत होता. तिकडून वळवाचा कसा, ते सांगा ना!’

मायर्स-ब्रिग्जची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचे एखादे अक्षर बदलते, असे अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. मधल्या काळात माणूस तोच, शेत तेच, उधारीही तीच.

म्हणून कोणी ‘तुमचा टाइप कोणता?’ असे विचारले, तर उत्तराची घाई नको. आधी विचारा, ‘भाऊ, तुम्हाले पाहिजे काय? जावई, कामगार की पेशंट?’