दोह्यात कलापुरस्कार कसा उरकावा

सर्वप्रथम एक स्वेटर घ्यावा. नाशिकची मावशी फोनवर हसेल, "अगं, आखातात जाऊन स्वेटर?" तिला हसू द्यावं. जुलैत दोह्याच्या रस्त्यावर पारा पंचेचाळीशीला टेकलेला असतो आणि संग्रहालयाच्या आत तो एकवीसवर मांडी घालून बसलेला असतो. ते एकवीस अंश चित्रांसाठी आहेत. माणसांचा विचार त्यात कोणी केलेला नाही, आणि इंटर्नची तर अजून माणसांतही गणना झालेली नसते.

कतारमधल्या कलासंग्रहालयात उन्हाळी इंटर्नशिप करून कलेच्या सान्निध्यात राहू पाहणाऱ्या, आणि तिथे गेल्यावर चित्रकारांच्या पुरस्काराच्या कामाला जुंपल्या जाणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे मार्गदर्शन आहे. मी एका उन्हाळ्यात हे केलं. कुठे, ते सांगणार नाही. दोहा तसं लहान गाव आहे आणि बाबांची नोकरी अजून इथेच आहे.

घरी सांगण्यापासून अडचणी सुरू होतात. "म्युझियम" म्हटल्यावर आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर शाळेची सहल उभी राहते: पुण्याचं केळकर संग्रहालय, दोघादोघांची रांग, मस्तानी महाल आणि मग बागेत बसून डबा. आईने पहिला प्रश्न विचारला, "तिथे तलवारी आहेत का?" बाबांनी दुसरा विचारला, "पैसे देणार आहेत का?" दोन्हींचं उत्तर एकच होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिसरा विचारला, "मग त्यानंतर एमबीए ना?" अशा वेळी वाद घालू नये. हुसेन काढावेत.

हुसेन हे आपलं ब्रह्मास्त्र. मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये जन्मले ते पंढरपुरात. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत दिवस काढले, अनवाणी जगभर फिरले, २०१० मध्ये कतारने त्यांना नागरिकत्व दिलं आणि दुसऱ्या वर्षी ते लंडनमध्ये गेले. एज्युकेशन सिटीत त्यांचे काचेचे घोडे आहेत, आणि त्यांनी स्वतः काढून ठेवलेल्या रेखाटनावरून बांधलेलं 'लौह वा कलम' हे त्यांच्याच नावाचं संग्रहालय तिथे २०२५ च्या नोव्हेंबरात उघडलं. भारतातून त्यांना का जावं लागलं, हा विषय काकूंसमोर काढू नये. चहा गार होतो. फक्त "पंढरपूरचा माणूस, काकू" एवढं म्हणावं. पंढरपूर म्हटल्यावर काकूंचा हात आपोआप छातीशी जातो आणि एमबीए विसरलं जातं.

आता पोहोचण्याविषयी. आधुनिक अरब कलेचं जे इथलं मुख्य संग्रहालय, त्याचं नाव मत्हफ. २०१० च्या अखेरीस ते एका जुन्या शाळेच्या इमारतीत उघडलं, संग्रह नऊ हजारांच्या वर. अरबीत मत्हफचा अर्थ 'संग्रहालय', एवढाच. म्हणजे टॅक्सीत बसून "मत्हफ" म्हणणं हे पुण्यात रिक्षात बसून "मंदिर" म्हणण्यासारखं आहे. ड्रायव्हर आपल्या समजुतीप्रमाणे कॉर्निशवरच्या इस्लामी कला संग्रहालयात नेऊन सोडतो. तसं नुकसान काही नाही. ऐंशी ओलांडल्यावर आय. एम. पेई यांना कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वजूच्या कारंज्यावरून ती इमारत सुचली आणि त्यांनी शेजारी पुढेमागे कोणी टॉवर उभारू नये म्हणून समुद्रात तिच्यासाठी वेगळं बेट मागून घेतलं. बघण्यासारखी आहे. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी, सकाळी सात पन्नासला नाही.

पुरस्काराच्या कामाचं म्हणाल तर त्याचं शिक्षण मराठी मुलाला वेगळं द्यावं लागत नाही. माझ्या अर्जात मी कलेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम लिहिला होता. लिहायला हवी होती ती आमच्या इमारतीतल्या गणपतीची रांगोळी स्पर्धा. त्या स्पर्धेत मी तीन वर्षं स्वयंसेवक होते. परीक्षक बाहेरच्या इमारतीतून का आणायचे, आणल्यावर त्यांना आधी बटाटेवडा का द्यायचा (भुकेला परीक्षक पहिल्याच रांगोळीला दहापैकी चार देतो), गुणांचे कागद कोणाच्या पर्समध्ये ठेवायचे, आणि निकालानंतर "आमच्या ईशाला फक्त उत्तेजनार्थ?" म्हणत येणाऱ्या माउलीला कुठल्या दाराने बाहेर न्यायचं, हे सगळं मला नवव्या इयत्तेत येत होतं. संग्रहालय त्यात भर घालतं ती हातमोज्यांची.

अर्ज येतात दीडशेच्या आसपास. प्रत्येकाबरोबर चित्राचा फोटो, परिचय आणि 'कलाकाराचं मनोगत'. मनोगतं वाचू नयेत. सगळ्यांचं मन एकाच ठिकाणी गुंतलेलं असतं: ओळख, स्मृती, विस्थापन. फोटो मात्र नीट बघावेत. चित्रकार लोक चित्र काढताना डोळ्यांत तेल घालतात आणि फोटो काढताना मिटून घेतात. एकीने कॅनव्हास सोफ्याला टेकवून फोटो काढला होता. डाव्या कडेला एक करडी शेपूट आत आली होती. मी ती कापून फोटो नीटनेटका केला. वरिष्ठ बाईंनी परत जशीच्या तशी घालायला लावली. अर्जदाराने पाठवलेल्या गोष्टीला इंटर्नने हात लावायचा नाही, शेपटीलासुद्धा.

यानंतर नावं. सगळ्यात जास्त घाम इथे निघतो, एकवीस अंशांतही. मोहम्मद हे नाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिता येतं याची मोजणी मी आठव्या तऱ्हेनंतर सोडली. एकच बाई अर्जात एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्या आणि सहीत तिसऱ्या. यादी आडनावाप्रमाणे लावा म्हणून संगणकाला सांगावं, तर अर्धे उमेदवार 'अल' खाली गोळा होतात. कारण अल-अमुक, अल-तमुक. वरिष्ठ म्हणतात, 'अल' सोडून लावा. मग ज्यांच्या नावात ते 'अल' उपपद नसून नावाचाच भाग आहे, ते रागावतात. मी माझ्यापुरता उपाय काढला: प्रत्येकाला फोन करून "तुम्ही तुमचं नाव कसं लिहिता?" एवढंच विचारलं. दीडशे फोन, चार दिवस. त्यातल्या कित्येकांना हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, असं आवाजावरून वाटलं.

पाट्या दोन भाषांत असतात. उजवीकडे अरबी, डावीकडे इंग्रजी, मधे चित्रकाराची शांतता. अरबी मजकूर चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला तर अक्षरं एकमेकांचे हात सोडतात आणि उलट्या क्रमाने उभी राहतात. अरबी न येणाऱ्याला ते कळतही नाही. त्याला नक्षी छानच दिसते. मला कळलं, कारण मराठी माणसाने हे दुःख भोगलेलं आहे. पत्रिकेवर 'दुसऱ्या' मधला अर्धा र फुटून लांब जाऊन बसलेला आपण पाहिला आहे, 'शुभविवाह' मधली वेलांटी नवऱ्याच्या नावाकडे पळालेली पाहिली आहे. मी शंका काढली. आमच्या विभागातल्या अरबी भाषेच्या संपादकांनी पाटी पाहिली, डोळे मिटले आणि मला एक खजूर दिला. उन्हाळ्यातला माझा तो सर्वोच्च सन्मान.

मग निवडलेली चित्रं प्रत्यक्ष येतात. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पेट्या पहाटे येतात. इंटर्नने पहाटे तिथे असावं, हातात यादी आणि तोंडात काही नसावं. पेटी आल्याबरोबर उघडायची नाही. बाहेरच्या दमट उकाड्यातून आलेलं लाकूड आणि कापड आतल्या हवेला सरावलं पाहिजे. चोवीस तास ती तशीच ठेवायची. आमच्याकडे पेट्या हाताळणारे एक मल्याळी गृहस्थ होते, सगळे त्यांना चेट्टा म्हणत. आखातात त्यांची अठरा वर्षं झाली होती. मी पेटीभोवती घुटमळायला लागले की ते आपल्या हिंदीत म्हणत, "सासरी आली आहे. आज बोलू नका तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली की स्थिती-अहवाल लिहायचा. चित्र आलं तेव्हा कसं होतं याची नोंद, म्हणजे परत जाताना भांडण नको. टॉर्च आडवा धरायचा, कॅनव्हासच्या जवळजवळ समांतर. तसं केलं की समोरून सपाट दिसणाऱ्या रंगाला डोंगर-दऱ्या फुटतात. बोट वीतभर अंतरावर ठेवून इंच-इंच सरकायचं आणि दिसेल ते लिहायचं. लिहायचं पेन्सिलनेच. चित्राजवळ पेन न्यायला सक्त मनाई, शाई उडाली तर संपलं. सोफ्यावरच्या त्या चित्राला मी पाऊण तास दिला. पिवळसर राखाडी जमीन, मधोमध एक दार, दाराला कडी नाही. वरच्या उजव्या बाजूला ब्रशचा एक केस रंगात कायमचा अडकलेला. खालच्या डाव्या कोपऱ्यात चार-चार मिलिमीटरचे तीन समांतर ओरखडे. मी लिहिलं: "पृष्ठभागाला किरकोळ इजा. कारण अज्ञात."

परीक्षक तिघे होते. त्यांच्या सरबराईविषयी एकच सांगते: गहवा. पिवळट, वेलदोड्याचा वास असलेली ही अरबी कॉफी कान नसलेल्या चिमुकल्या कपात देतात, आणि कप रिकामा दिसला की पुन्हा भरतात. नको असेल तर कप परत करताना मनगटातून हलवायचा. हे मला ठाऊक नव्हतं. दोह्यात वाढूनही नव्हतं, कारण आमच्या घरी चहा. सातव्या कपानंतर माझ्या हाताला आपोआप कंप सुटला, आणि वाढणाऱ्या माणसाने तो नकार समजून वाढणं थांबवलं.

परीक्षकांनी त्या दाराच्या चित्रासमोर किती वेळ घालवला, हे मी दाराशी उभी राहून मोजलं. तीन मिनिटं, त्यातलं एक फोनवर. त्यांची चूक नाही. चित्रं पुष्कळ आणि विमान रात्रीचं. पण परीक्षकांचं चुकतं, हे गृहीत धरून इंटर्नने मनाची तयारी ठेवावी. १९३५ मध्ये शिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीने अमृता शेरगिलची काही चित्रं नाकारली आणि एकाला बक्षीस दिलं. तिने बक्षीस परत केलं. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, तिच्या तीन मुलींच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, ते तिने ठेवलं. १८८८ पासून मुंबईत ही सोसायटी चालू आहे, म्हणजे तेव्हापासून कोणीतरी तिथे याद्या लावतंय, खुर्च्या मांडतंय आणि रुसवे काढतंय. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलेलं नाही. शिमल्याला परत आलेलं ते बक्षीस टपालातून कोणी सोडवून घेतलं असेल, आणि कोणत्या कपाटात ठेवलं असेल?

समारंभाबद्दल फार लिहीत नाही. शाल-श्रीफळ नाही, आभारप्रदर्शन आहे, माइक ऐनवेळी खरखरतो. हे सगळीकडे सारखं. इंटर्नने भिंतीला टेकून उभं राहू नये, कारण भिंतीवर चित्र असतं.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी. ज्यांना मिळालं नाही त्यांना पत्रं लिहायची. इंग्रजी मसुदा तयार होता, त्यात 'खेद' होता, 'उच्च दर्जा' होता, 'पुढील वाटचालीस' वगैरे होतं. मी वरिष्ठ बाईंना सुचवलं की आपल्याकडे उत्तेजनार्थ नावाची एक सोय असते. त्यांना ती समजावून सांगताना माझी पंचाईत झाली: बक्षीस आहे, पण बक्षीस नाही, आई-वडील आनंदतात, पण फोटो फ्रेम करत नाहीत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खेदाचं पत्र पाठवलं.

मग चित्रं परत न्यायला माणसं येतात. दाराच्या चित्राची बाई स्वतः आली, अल वक्राहून, भावाच्या पिकअपमधून. तिथल्या एका शाळेत ती चित्रकला शिकवते. सही करता करता तिने खाली बघतच विचारलं, "कोणी नीट पाहिलं का हो हे?"

नियमाप्रमाणे इंटर्नने परीक्षकांविषयी बोलायचं नसतं. म्हणून मी माझ्याविषयी बोलले. वर उजवीकडे ब्रशचा केस अडकलाय, म्हटलं. दाराच्या चौकटीखाली आधी निळा होता, तो एका ठिकाणी अजून डोकावतो. दाराला कडी नाही. आणि खाली डाव्या कोपऱ्यात तीन ओरखडे आहेत, चार-चार मिलिमीटरचे, ते आम्ही पाडलेले नाहीत, आले तेव्हाच होते, हे बघा इथे लिहिलंय.

तिने अहवाल वाचला, मग हसत सुटली. चेट्टासुद्धा पेटी धरून थांबले. तिने मनगटावरची बाही वर केली. तिथे जुना, पांढरा पडलेला एक वण होता. "तीन कॅनव्हासला लागले," ती म्हणाली, "चौथा मला."

मी खोडरबर काढून 'अज्ञात' पुसलं आणि तिथे 'मांजर' लिहिलं. इच्छुकांनी खोडरबर घरून आणावं. संग्रहालयाकडून फक्त पेन्सिल मिळते.