बेशुद्धाची संमती

राज्यात १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे आणि तिच्यातला डॉक्टर तेव्हापासून एकच प्रश्न विचारतो आहे: "आधीचे कागद आहेत का?" उत्तरही ठरलेलं. कागद पिशवीत, पिशवी कपाटात, किल्ली सुनेकडे आणि सून माहेरी.

आता ही कटकट मिटली म्हणतात. २०२१ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर नेलं. माणशी एक १४ आकडी 'आभा' क्रमांक. त्याला जोडलेल्या आरोग्याच्या नोंदी दाखवायच्या तर रुग्णाची संमती हवी. तत्त्व अगदी रास्त. माझी साखर विमा एजंटाला का कळावी? अडचण एवढीच, की संमती देणारा स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलाय आणि त्याचा मोबाइल शेताच्या बांधावर राहिलाय. ओटीपी तिकडे, नाडी इकडे.

गाडीतल्या माणसांना विचाराल, तर त्यांच्या अपेक्षा फारच मागासलेल्या निघतील. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का. बस. तेही घाट उतरायच्या आत, म्हणजे रेंज नसताना.

तोवर त्यांचं स्वतःचं डिजिटल रेकॉर्ड तयार असतं: हातमोज्यावर पेनाने लिहिलेला बीपी. रुग्णालयात तो मोजा लाल पिशवीत जातो, केसपेपर नव्याने सुरू होतो आणि नातेवाइकाला आधार कार्डाची झेरॉक्स काढायला पिटाळतात.