स्वनगरविहारविधी

कोल्हापुरात राहून कोल्हापूर बघण्याची इच्छा धरणाऱ्या गृहस्थाश्रमी स्त्री-पुरुषांसाठी हा विधी लिहून ठेवला आहे. इतर गावच्या लोकांनी आपापल्या तळ्याचं आणि किल्ल्याचं नाव घालून तो वापरायला हरकत नाही. मिसळीच्या जागी दुसरं काही घातल्यास फळ मिळेलच, अशी खात्री देता येत नाही.

आधी अधिकार पाहू. जो गावात जन्मला, गावात शिकला, शाळेच्या रांगेतून पुढच्याचा खांदा धरून एकदा टाउन हॉलचं म्युझियम बघून आला आणि नंतर पुन्हा तिकडं फिरकला नाही, तोच या विधीचा खरा अधिकारी. बदलीवर आलेले बँकवाले आणि प्राध्यापक अपात्र. ती माणसं पहिल्या दोन महिन्यांत सगळं गाव पालथं घालतात, दाजीपूरला जाऊन गवे बघून येतात आणि मग आपल्यालाच विचारतात, "तुम्ही कात्यायनीला गेला नाही अजून?" अस्सल कोल्हापूरकराला अशी घाई नसते. न्यू पॅलेस १८८४ सालापासून उभा आहे. एवढ्या वर्षांत तो कुठं पळून गेला नाही, तर याच रविवारी कशाला जाईल?

साहित्य फार लागत नाही. एक दुचाकी, घडी घातलेली कापडी पिशवी आणि एक पाहुणा. पहिल्या दोन वस्तू नसल्या तरी भागतं. पाहुण्याविना मात्र विधी सुरूच होत नाही, कारण आपल्याच गावात आपण आपल्यासाठी म्हणून कुठं फिरायला जायचं, हे आपल्याकडं जरा आगाऊपणाचं लक्षण समजतात. खात्री करायची असेल तर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घरात म्हणून पाहावं, "जरा पॅलेस बघून येतो." कुणी काही बोलत नाही. मग आई विचारते, "बरं वाटतंय न्हवं तुला?" तेच "पाव्हणे आल्यात, त्यांना पॅलेस दाखवून आणतो" म्हटलं, की अख्खं घर चपला शोधायला लागतं.

पाहुणा पारखून घ्यावा. पुण्याचा पाहुणा वाचून आलेला असतो, त्यामुळं आपल्याला बोलायला जागा राहत नाही. मुंबईचा पाहुणा सकाळपासूनच महालक्ष्मी एक्स्प्रेसची वेळ विचारत असतो. नवा जावई चालतो, पण त्याला सगळ्याच गोष्टी छान वाटतात, म्हणून त्याच्या मताला किंमत नसते. सर्वांत फलदायी पाहुणा म्हणजे परदेशात वाढलेला भाचा किंवा पुतणी. त्यांना काही माहीत नसतं आणि ते प्रश्न विचारतात. उत्तर आपल्यालाही येत नाही. मग ते शोधायला जावं लागतं आणि आपसूक फिरणं घडतं.

दिवसाची सुरुवात अंबाबाईपासून. एरवी आपण गाडी न थांबवता शिखराकडं बघून छातीला हात लावतो आणि पुढं सुटतो. एवढ्यानं आपलं आणि देवीचं वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललेलं असतं. पाहुण्यासाठी मात्र रांगेत उभं राहावं लागतं आणि तिथं त्याला किरणोत्सव समजावून सांगावा लागतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत शेवटी मुखावर. हे सांगताना आवाज किंचित खाली आणावा. पाहुणा विचारेल, "तुम्ही पाहिलाय?" अशा वेळी ढगांवर बोलावं. ढग आणि महाद्वार रोडच्या बाजूच्या उंच इमारती या दोन अडथळ्यांची चर्चा दर वर्षी पेपरात येते. ती आपण नेमानं वाचलेली असल्यानं या विषयावर बराच वेळ बोलता येतं, आणि मूळ प्रश्न रांगेबरोबर पुढं सरकतो.

दर्शनानंतर मिसळ. इथं यजमानानं एकाच दुकानाचं नाव ठामपणे घ्यावं. दुसरं नाव घेतलं की दोन मेव्हण्यांत वाद होतो, तिसरं घेतलं की भूक मरते. मिसळीबरोबर पाव न येता ब्रेडचे स्लाइस आले म्हणून पाहुण्यानं भुवया उंचावल्या, तर खुलासा करू नये. कट वाढून घ्यायला लावावा. बोलणं आपोआप बंद होतं.

आता टाउन हॉल. हा विधीचा गाभा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. १८७० च्या दशकात बांधलेल्या या इमारतीभोवती बाग आहे. त्या बागेच्या कडेनं आपण आयुष्यभर ये-जा करतो, आणि शेजारच्या सीपीआर दवाखान्यात पेशंट ठेवलेला असेल तर तिथल्या झाडाखाली डबाही खातो. आत मात्र जात नाही. आत एक देव आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात खोदकाम झालं, तेव्हा सातवाहनांच्या काळची वस्ती आणि तिथवर पोहोचलेल्या रोमन व्यापाराच्या खुणा सापडल्या. त्यांतच निघाला ब्राँझचा पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव, उंची वीतभर. दोन हजार वर्षांपूर्वी तो कुणाच्या गाठोड्यातून समुद्र ओलांडून, घाट चढून आला आणि इथंच राहिला, हे त्याचं तोच जाणे. कोल्हापुरात आलेला पाहुणा लवकर परत जात नाही, याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणून त्याच्याकडं बोट दाखवावं.

त्याच्यासमोर उभं राहण्याची एक रीत आहे. पाहुणा "ओ माय गॉड" म्हणाला की आपण शांतपणे मान हलवावी, जणू हा गृहस्थ आपल्या गल्लीतलाच. मग पाहुण्याची पाठ वळली की पटकन पुढं होऊन पाटी वाचून घ्यावी. समुद्राच्या देवाला पंचगंगा कशी वाटली असेल, रंकाळ्याला त्यानं काय गुण दिले असते, असले प्रश्न भाचा विचारतोच. आपण म्हणावं, "पावसाळ्यात पूर येतो तेव्हा त्याला बरं वाटत असंल." पुराचं पाणी आपल्याकडं विनोदाच्या पलीकडं गेलंय खरं, पण २०१९ चा पूर आपल्या डोळ्यांदेखत येऊन गेलेला असल्यानं एवढं बोलायचा हक्क आपल्याला आहे.

न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले वाघ आहेत. मुलांना आवडतात. पुढं चलावं.

दुपार तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची. इथं मार्गदर्शनाची गरज नाही. पांढरा रस्सा सूपसारखा आधी पिऊन टाकणाऱ्या पाहुण्याला अडवू नये, दुसरी वाटी भरावी. जेवल्यावर पाहुण्याला पुढचं ठिकाण बघण्याची घाई झालेली असते आणि यजमानाला झोप आलेली असते. शास्त्रानं इथं यजमानाचा पक्ष घेतला आहे.

चारच्या चहानंतर खासबागेचं कुस्तीचं मैदान. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं जुनं प्रचंड मैदान पाहिलं आणि गावी परतल्यावर तसं काहीतरी बांधायचं मनात घेतलं. १९१२ साली खासबाग उभं राहिलं. या विधीला याहून मोठा राजमान्य पुरावा नाही: महाराजांना रोम दिसलं, कारण ते तिथं पाहुणे होते. रोमच्या लोकांनी त्या मैदानाकडं त्या काळी किती लक्ष दिलं असेल, याचा अंदाज आपण आपल्यावरून बांधू शकतो.

मैदानाची जमीन गोल उतरती केलेली आहे. कुठंही बसलं तरी मधला हौदा सरळ दिसतो, समोर खांब येत नाही. मैदान रिकामं असेल तर पाहुण्याला सगळ्यात वरच्या कडेला बसवावं आणि आपण खाली जाऊन साध्या आवाजात बोलून दाखवावं. मैदान भरलेलं असेल, तर नशीब थोर. हलगी कडाडत असते. हौद्यातली तांबडी माती हळद, लिंबू, ताक, तेल घालून मळलेली असते. पैलवान ती उचलून एकमेकांच्या खांद्याला लावतात. पाहुण्याला डावांची नावं आधी शिकवून ठेवावीत. सगळी नकोत, एकलंगी आणि ढाक एवढी पुरेत. मग शेजारचे आजोबा ओरडले, "पट काढ की रं!" की तोही ओरडतो. कुस्ती निकाली झाली तर उत्तम, बरोबरीत सोडवली तर आणखी उत्तम, कारण मग घरापर्यंत बोलायला विषय पुरतो. कुस्ती नसेल आणि हिवाळा-उन्हाळ्याचे दिवस असतील, तर शाहू स्टेडियमवर फुटबॉल असतो. मात्र पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला पाहुण्याला नेताना तो कुठल्या बाजूला बसणार आहे, हे पेठेचा विचार करून ठरवावं. तटस्थ बसायची सोय तिथं नसते.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते उभं राहिलं, तेही महाराजांनीच बांधलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आणि सकाळी सगळं गाव तिथं लोटलं. लोक रडत होते, फोनमधले जुने फोटो एकमेकांना दाखवत होते. त्या गर्दीतले बरेच जण शेवटचं नाटक कधी पाहिलं हे सांगू शकले नसते, आणि तरी त्यांचं रडणं खोटं नव्हतं. नाट्यगृह पुन्हा उभारायचं काम हाती घेतलं गेलं. पाहुणा विचारेल, "आत कसं होतं?" या एका प्रश्नाला ढगांवर बोलून चालत नाही. आठवत असेल तेवढं सांगावं. गॅसबत्त्यांच्या काळातल्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या असतील तर त्याही सांगाव्यात. काहीच आठवत नसेल तर समोरच्या खाऊगल्लीत जाऊन भेळ सांगावी आणि पाहुण्याला बांधकामाकडं तोंड करून बसवावं.

संध्याकाळी रंकाळा. हे एक ठिकाण असं, की जिथं आपण पाहुण्याशिवायही जातो. त्यामुळं शास्त्रदृष्ट्या ते प्रेक्षणीय स्थळांत मोडत नाही. ती आपली ओसरी आहे. तिथं गेल्यावर बघायचं काही नसतं, बसायचं असतं. पाण्यापलीकडच्या शालिनी पॅलेसकडं बोट करून "१९३० च्या दशकातला, मध्यंतरी तिथं हॉटेल होतं" एवढं सांगितलं की यजमानाचं कर्तव्य संपलं. पाणी उतरलं असेल तर संध्यामठ जास्त उघडा पडलेला दिसेल, तो दाखवावा. जलपर्णीबद्दल पाहुण्यानं बोलू नये. आपण बोलू शकतो, तेही रागानं, पण त्याला तो अधिकार नाही. कट्ट्यावर ओळखीची चार टाळकी भेटतातच. पाहुण्याची ओळख करून द्यावी आणि पुढचा तासभर त्याला विसरून जावं. तो कणीस खात एकटा बसतो आणि घरी गेल्यावर सगळ्यांना सांगतो, की कोल्हापुरात सगळ्यात जास्त मजा तिथंच आली.

रात्री परतताना गंगावेशीत दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार समोर काढली जाते, फेसाळतं दूध तिथंच ग्लासात. परदेशी भाच्यानं "पाश्चराइज्ड आहे का?" असं विचारलं तर म्हशीकडं बघावं आणि गप्प राहावं. त्याच्या आईचा फोन यायच्या आत ग्लास रिकामा होईल याकडं लक्ष ठेवावं.

दिवसभर पाहुण्यानं एकदाही पैसे देता कामा नयेत. त्यासाठी कौशल्य लागतं. गल्ल्यावर पाहुण्याच्या आधी पोचायचं असेल तर शेवटचा घास घ्यायच्या आधी हात धुवायला उठावं. दोन यजमान असतील तर दोघांनी मालकाला वेगवेगळं गाठून "याचं घेऊ नकोस" असं बजावावं. मालक दोघांनाही ओळखत असतो आणि शेवटी तोच म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, पाव्हणे पहिल्यांदा आल्यात." मग तिघांची भांडाभांडी होते. पाहुण्यानं हा सगळा प्रकार फोनवर चित्रित केला तर करू द्यावा.

आता शेवटचा, अडचणीचा मुद्दा. घरी कुणी येतच नसेल, नातेवाईक रुसलेले असतील, भाचा आला पण पन्हाळ्याच्या रिसॉर्टवरच उतरला असेल, तर काय करावं? अशा गृहस्थानं रविवारी सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन उभं राहावं. थोड्याच वेळात खांद्यावर बॅगा घेतलेलं एखादं कुटुंब येऊन विचारतं, "देवीच्या मंदिराला कसं जायचं?" इथं पत्ता सांगू नये. पत्ता सांगितला की पाहुणा गेला. "चला, मी तिकडंच निघालोय," म्हणावं. आपण तिकडं निघालेलो नसतो, हे बाजूचा रिक्षावाला ओळखतो, पण तोही याच गावचा असल्यानं बोलत नाही. देवळाहून मिसळ, मिसळीहून टाउन हॉल, अशी वाट आपोआप लागते. दुपारी घरी फोन करून "चार ताटं जास्त वाढ" म्हणताना पाहुण्यांची नावं माहीत असणं सक्तीचं नाही. ती हात धुताना विचारून घेता येतात.