पुढच्यास ठेच

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक ‘जरा थांबू या’ सर असतात. हिंजवडीत आमच्या मजल्यावरही आहेत. जावाची नवी आवृत्ती आली की पोरं हुरळतात, सर चष्मा पुसत विचारतात, “एलटीएस आहे का?” नसली तर विषय मिटला. असली तर, “पहिला पॅच येऊ दे.” तो आला की, “लायब्ररीवाले काय म्हणतात?”

मुहूर्ताचीही अडचण असतेच. जावा दर सहा महिन्यांनी येते, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. मार्चमध्ये इयर-एंड; प्रॉडक्शनला हात लावायची प्राज्ञा नाही. जावा २१ उगवली १९ सप्टेंबर २०२३ ला, नेमकी गणेशचतुर्थीला. निम्मी टीम गावी. जावा २५ आली १६ सप्टेंबर २०२५ ला, ऐन पितृपक्षात. सर नुसतेच हसले.

त्यांना भित्रे म्हणण्यात मात्र अर्थ नाही. २०१७ मध्ये जावा ९ ने मॉड्यूलच्या भिंती घातल्या, ११ ने जॅक्सबी जेडीकेबाहेर काढलं, तेव्हा रात्री जागून लॉग वाचणाऱ्यांत सर होते. रिलीज नोट्स ते तळटिपांसकट वाचतात. एक्सेलमध्ये लायब्रऱ्यांची यादी असते: हिरवी चालणारी, लाल रडणारी, पिवळी ‘विचारून सांगतो’वाली.

शेवटी स्प्रिंग बूट ३ ने जावा १७ शिवाय उभंच करून घेतलं नाही, तेव्हा सर हलले. एका उत्साही पोराने ‘रिप्लेस ऑल’ मारून साऱ्या जावॅक्सचं जकार्ता करून टाकलं. बिल्ड लालेलाल. सरांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं. “जावॅक्स डॉट एसक्यूएल जेडीकेचं आहे रे. त्याचं नाव बदललेलं नाही. ते परत ठेव.”

परवा एका नव्या मुलीने विचारलंच, “सर, पुढच्यास ठेच मागचा शहाणा, हे ठीक. पण सगळेच मागे थांबले तर ठेच लागणार कुणाला?”

“शेजारच्या टीमला,” सर शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर शेजारच्या टीमचे सर भेटले. तेही चष्मेवालेच. कटिंग हातात घेत त्यांनी आस्थेने विचारलं, “काय मग, पंचवीसवर कधी जाताय?”

“तुम्ही व्हा पुढे,” आमचे सर म्हणाले, “आलोच आम्ही.”

“छे छे, आम्ही तर तुमचीच वाट बघतोय!”