मक्त्याचं वावर

"वालाच्या शेंगा तोडून न्या काकू, साऱ्या तुमच्याकडंच लटकल्या," अशी हाक मारली, तर काकू टोपलं सोडून मोबाइल घेऊन कुंपणाशी आल्या. पोराचा मेसेज दाखवायला. पोरगा पुण्याला. त्याचं म्हणणं, आर्णीकडचं ८ एकर वावर विक, पैसे म्युच्युअल फंडात टाक. दुसऱ्याच्या घामावर किती दिवस खाशील?

"घामाच्या गोष्टी हा करते! याची फीस कायच्यातून भरली? मक्त्यातूनच ना वो?"

खरंच होतं ते. दर पाडव्याला एकरी १२ हजार रोख, मग कापूस पिको की बुडो. मक्तेदार माणूस मोठा भला. हिवाळ्यात पिशवीभर तुरीच्या शेंगा आणून देतो. काकूंच्या सोलेभाताचा वास आमच्या ओट्यापर्यंत येतो.

"मग बँकेत ठेवा," मी म्हटलं, "पतसंस्थेत तेवढं नको." त्यांचे ६० हजार एकीत अडकलेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे त्यांना पैसे अडकल्यावर समजलं.

आता मला विचाराल तर मक्ता घेण्यात मला पाप दिसत नाही. बँकेचं व्याज तरी कुठून येतं? तेही कोणाच्या तरी घामाचंच, फक्त तो माणूस हिवाळ्यात शेंगा घेऊन दारात येत नाही. मला सलत होतं ते वेगळंच.

"काकू, २०२३ च्या पावसाचे पैसे आले होते ना?"

ते साल आठवतं? जुलैत महागावकडं माणसं पुरात अडकली, हेलिकॉप्टर मागवावं लागलं. काकूंच्या वावरातली पऱ्हाटी पार खरडून गेली. बियाणं मक्तेदाराचं, कृषी केंद्राची उधारी त्याची. मदत मात्र सातबारावर नाव असेल त्याच्या खात्यात. ई-पीक पाहणीचे फोटो काढायला चिखलात तोच उभा राहिला होता, नाव काकूंचं.

मक्त्याचा कागद का नाही केला, तर सासऱ्यांनी घातलेली भीती. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा. १ एप्रिल १९६१ ला कितीतरी वावरं कसणाऱ्यांच्या नावावर झाली. तेव्हापासून या घरात एकच मंत्र, 'कागद केला की वावर गेलं.' अन् कागद नाही म्हणून मक्तेदाराला पीककर्ज नाही, पीकविमाही नाही.

"त्यानं मागतलेच नाही वो," काकू म्हणाल्या.

"मागन कसा? पाडव्याले तुमी वावर दुसऱ्याले देलं तं?"

काकू खाली बघून शेंगा तोडू लागल्या. पदरात चांगल्या पावभर झाल्या तरी बोलेनात. मग तारेला अगदी खेटून हळूच म्हणाल्या,

"पोराले नोको सांगजो बरं, बाई."